मांजराकाठचा दोन गळांचा तंगूस

लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आमचा निलंगा तालुका. पलीकडे कर्नाटकातला बिदर जिल्हा. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बालाघाट डोंगरात उगम पावलेली मांजरा या तालुक्यातून वाहते आणि औराद शहाजानीच्या भागात तेरणा तिला येऊन मिळते. पावसाळा सरला की पाणी निवळते, डोह शांत होतात आणि सुट्टीच्या दिवशी काठाकाठाने गळ टाकणारी आपली माणसे दिसू लागतात.

इथे एका तंगुसाला दोन गळ बांधण्याची युक्ती आम्ही पाहिली. वर तरंगायला ज्वारीच्या वाळल्या चिपाडाचा तुकडा. त्याच्या अगदी जवळ पहिला गळ, त्याला नाकतोडा. तिथून दोन हात खाली दुसरा गळ, त्याला गांडूळ. कारण सगळे मासे एका थरात चरत नाहीत. मरळ वर येऊन नाकतोडा, बेडूक टिपतो. शिंगटा तळाशी गांडूळ हुंगत फिरतो. चिपाड आडवे पळाले तर वरचा गळ धरला, सरळ खाली गेले तर खालचा, असा अंदाज बांधायचा. मात्र खालच्या गळाला शिसे जास्त झाले की चिपाडच बुडते आणि दोन्ही गळ वाया जातात. वरच्याला पेलेल एवढेच वजन खाली द्यावे.

हीच युक्ती काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राऊट माशासाठी वापरतात. तिथे पिसांची, दोऱ्याची खोटी माशी करतात. एक कोरडी, पाण्यावर तरंगणारी. तिच्या गळाला बांधलेली दुसरी ओली, पाण्यात बुडणारी. वरची दचकली की खालची गिळली असे समजायचे. ट्राऊटला थंड पाणी लागते, म्हणून तो मांजरेत जगणार नाही. पण विचार तोच.

बंधू-भगिनींनो, काही जण विचारतील, पंचशील घेतलेल्यांनी गळ टाकावा काय? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. घरात भाकरीबरोबर कालवण हवे, ही गरज झाली. मासा मेला की नुसत्या गमतीने दुसरा ओढणे, ही इच्छा झाली. कुणी गळ हातात धरणारच नाही म्हणाले, तर त्याचाही मान राखावा.

जे धरतात त्यांनी एक पथ्य पाळावे. पावसाळ्यात मरळाच्या पिलांचा तांबूस घोळका पाण्यावर फिरताना दिसतो. त्याखाली आईबाप राखण करीत असतात. त्या वेळी ते गळावर झेप घेतात, म्हणून धरायला सोपे; पण राखणदार गेला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. असा घोळका दिसला की तंगूस गुंडाळून पुढच्या डोहाला जावे. लेकरांना हे तिथेच दाखवावे. शील पाठ करणे सोपे. हातातला मासा सोडून देणे हे आचरण.

या पाण्याची किंमत आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवी. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या नदी-योजनांचा पाया घातला. आणि एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नदी आटली तर दोन गळ काय, एकही गळ भिजणार नाही.

म्हणून काठावर जावे, पोटापुरते घ्यावे, लहान मासा परत सोडावा आणि तुटलेला तंगूस पाण्यात न टाकता घरी आणावा. नदी सर्वांची आहे, आणि उद्या येणाऱ्या लेकरांचीही.

जय भीम!