अँटेनाचा जमिनीतला अर्धा भाग

व्हर्टिकल अँटेना उभा केला की येणारा-जाणारा वर बघतो. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरामागे दहा मीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा पाइप आहे. त्याच्याबद्दल वाडीतल्या सगळ्यांनी विचारून झालं. त्याच्या पायाशी गवतात पसरलेल्या तांब्याच्या वायरींबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्यांना रेडियल म्हणतात. अँटेनाचं बरंवाईट या वायरी आणि त्यांचे जोड ठरवतात, हे वाचून ठाऊक होतं. स्वतःच्या हातांनी रेडियल टाकले तेव्हा ते मीटरवर दिसलं.

४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, पाव तरंगलांबीचा उभा अँटेना साधारण दहा मीटरचा होतो. आडव्या डायपोलला दोन बाहू असतात, याला एकच. दुसऱ्या बाहूचं काम जमिनीने करायचं. रेडिओपासून येणाऱ्या कोॲक्स केबलच्या मधल्या तारेतून जेवढा करंट पाइपात चढतो, तेवढाच भोवतालच्या जमिनीतून गोळा होऊन कोॲक्सच्या जाळीवर परत यावा लागतो. परतीची वाट मातीतून गेली तर वाटेतच शक्तीची उष्णता होते. तांब्यातून गेली तर ती वाचते. मार्कोनीने १८९५ मध्ये बोलोन्याजवळच्या आपल्या घरी यंत्राचं एक टोक उंच हवेत नेलं, दुसरं जमिनीला जोडलं आणि त्याच्या संदेशांची मजल दोनेक किलोमीटरवर गेली. उभ्या अँटेनाचं आणि जमिनीचं नातं इतकं जुनं आहे.

आमची जमीन जांभ्याची. वर चार बोटं माती, खाली कातळ. समुद्राचं पाणी साधारण जमिनीच्या सुमारे हजारपट चांगलं वाहक असतं. आमच्या सड्यावरून समुद्र दिसतो, पण अँटेनाच्या पायाशी तो नाही. तांबं घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, गवत कापून काम सुरू केलं. पाइप उभा करायला मदतीला आलेल्या वायरमनने वायरीची बंडलं बघून विचारलं, "काकानू, अर्थिंग आसा मा? मगे ह्यो वायरी कित्याक?" प्रश्न अगदी रास्त होता. कोळसा-मीठ घालून केलेलं अर्थिंग घराच्या वीजपुरवठ्याला सुरक्षितता देतं, विजेचा लोळ उतरवायलाही हवंच. पण रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला करंट जमिनीत खोल उतरत नाही. तो वरच्या थरातून, चारी बाजूंनी अँटेनाच्या बुंध्याकडे येतो. खोल पुरलेली सळई त्याला एकाच जागी भेटते. त्याला अंगणभर वाटा करून द्याव्या लागतात. मी वायरमनला हे खडूने ओट्यावर काढून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पाणी पन्हळीत घेतल्यासारा." तेच ते.

किती वाटा पुरतात? अमेरिकेत जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजमापं करून १९३७ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला आणि मध्यम लहरींच्या प्रक्षेपण मनोऱ्यांखाली १२० रेडियल पुरण्याचा प्रघात त्यातून पडला. हौशी माणसाला एवढं झेपत नाही. सुदैवाने रूडी सेव्हर्न्स या अमेरिकी हॅमने अलीकडच्या काळात पुन्हा काटेकोर प्रयोग केले. चारवरून सोळावर गेलं की फायदा घसघशीत होतो आणि बत्तीसच्या पुढे तो फारसा वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जमिनीवर टेकलेली वायर मातीमुळे तशीही सुरातून उतरते, त्यामुळे ती मोजून पाव तरंगलांबीची कापावी लागत नाही. असलेली वायर थोड्या लांब तुकड्यांपेक्षा पुष्कळ आखूड तुकड्यांत वाटणं फायद्याचं. बाजारात दीड स्क्वेअरची वायर ९० मीटरच्या बंडलात मिळते. तीन बंडलांत आठ-आठ मीटरचे बत्तीस रेडियल निघाले.

खरा वेळ जोडांना लागला. फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलची तीन मिलिमीटर जाडीची गोल प्लेट करून आणली होती. मधोमध पाइपाच्या बुंध्यासाठी भोक आणि कडेने बत्तीस छोटी भोकं. प्रत्येक वायरीचं टोक सेंटिमीटरभर सोलायचं, तांब्याच्या तारा पिळून थिंबलमध्ये सारायच्या, पक्कडीने दाबायच्या, मग ओढून बघायचं. ओढल्यावर हलली तर थिंबल कापून नवं. नुसत्या झाळणावर विसंबायचं नाही, कारण ओल्या मातीत झाळण खराब होतं. वर उष्णतेने आकसणारी नळी, आत दमट हवा शिरू नये म्हणून. मग स्टेनलेसचा बोल्ट, वॉशर, थिंबल, दातेरी वॉशर, नट. कोकणातल्या खाऱ्या हवेत जस्ताचे नट लवकर गंजतात, आणि गंजलेला जोड म्हणजे वाटेत बसलेला रेझिस्टन्स. कोॲक्सची जाळी आखूड पट्टीने याच प्लेटला. कोॲक्सवर फेराइटच्या कड्याचा चोक घातला, नाहीतर जाळीची बाहेरची बाजूच आणखी एक रेडियल होऊन बसते आणि मोजमाप फसवतं.

माती होती तिथे जाड तारेच्या यू आकाराच्या आकड्यांनी वायरी जमिनीलगत ठोकल्या. कातळावर आकडा शिरत नाही, तिथे चिऱ्याचे तुकडे ठेवले. गडग्याशी पोचलेल्या वायरी त्याच्या कडेने वळवल्या, कलमांच्या मुळांना हात लावला नाही.

मीटर लावून बसला होता भाचा. पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा स्वतःचा प्रारणाचा रेझिस्टन्स आदर्श जमिनीवर ३६ ओहमच्या आसपास असतो. त्यावर मीटर जे काही जास्त दाखवतो, ते ढोबळमानाने जमिनीने खाल्लेलं. चार रेडियल जोडल्यावर नॅनो व्हीएनए या मीटरवर ६१ ओहम आले. आठांवर ५०. सोळांवर ४३. बत्तीस पुरे झाले तेव्हा ३९.

भाचा अस्वस्थ झाला. "मामा, आठ होते तेव्हा एसडब्ल्यूआर एकास एक होता. आता १.३ दाखवतोय. बिघडला ना?"

मला या अनुभवातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना कोॲक्सशी किती जुळतो याचं माप. कोॲक्स ५० ओहमचा, म्हणून ५० ओहमवर एसडब्ल्यूआर देखणा दिसतो. पण त्या पन्नासातले चौदा मातीचे होते. ३९ वर एसडब्ल्यूआर किंचित वाढला, आणि मातीचे उरले जेमतेम तीन. हिशेब केला तर चार रेडियलवर शंभरातले ५९ भाग अँटेनातून बाहेर पडत होते, बत्तीसवर ९२. भाच्याकडे रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना आहे. एचएफवर ५० वॅटची मर्यादा. त्याचे तीसेक वॅट हवेत जात होते, आता ४६ जातात. नियमात राहून, महागडा ॲम्प्लिफायर न घेता. कागदावर त्याने हे स्वतः मांडलं आणि मग १.३ कडे पुन्हा बघितलंही नाही.

रेडियलने सगळंच साधत नाही. जवळच्या स्टेशनांशी सकाळच्या गप्पांना डायपोलच बरा, कारण व्हर्टिकलची ताकद क्षितिजाकडे झुकलेली. लांबवरच्या ज्या जमिनीवरून लहर निघून जाते, तिच्यावर आपला इलाज चालत नाही. आपल्या हातात अँटेनाभोवतीचे काही मीटर असतात. ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात.

पावसाळ्यात गवत वाढून वायरी झाकल्या जातात आणि ग्रास कटरचा धोका उरत नाही. गडगडाट सुरू होण्याआधी कोॲक्स घराबाहेरच सोडवून ठेवतो. पाऊस संपला की प्लेटचा प्रत्येक नट तपासतो आणि पुन्हा ओहम मोजून वहीत लिहितो. आकडा चढला तर कुठला तरी जोड गेला, हे रेडिओ सुरू करण्याआधीच कळतं.

नव्याने परवाना मिळालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पाइप आणखी चढवण्याआधी, मोठा रेडिओ घेण्याआधी, तांब्याचं एखादं बंडल आणि पिशवीभर चांगली थिंबलं घ्या. चार-चार रेडियल जोडा, दर वेळी ओहम लिहून ठेवा, आणि एसडब्ल्यूआर वाढतोय म्हणून थांबू नका.