जळण

वाईजवळच्या आमच्या घरी वैशाखात आईची एकच घाई असे: पाऊस लागायच्या आत जळण भरायचं. बाभळीचे ढलपे खाली, वर तुरकाट्या, आणि ओल लागू नये म्हणून शेणी फळीवर. तरी आषाढात कुठून तरी ओलं लाकूड चुलीत जाईच. मग आई फुंकणीनं फुंकत राही, डोळे पदराला पुसत राही. चुलीवरच्या भाकरीच्या आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात. मला भाकरीइतकाच तो धूर आठवतो, आणि आईचा खोकला.

न्हाणीपाशी तांब्याचा बंब होता. मधोमध उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी. बंबाला फुंकणी लागत नसे. एकदा पेटला की आपला आपण घुमत राही. चुलीला एवढं फुंकावं लागतं आणि बंबाला का नाही, हे कोडं मला तेव्हापासून होतं.

पुढं गॅसचा नंबर लागला. सिलिंडर आला त्या दिवशी आईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं. तो धूर घरातून गेला, आणि हळूहळू आईचा खोकलाही कमी झाला. गॅसबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे ती तेव्हापासूनची.

लग्नानंतर यॉर्कशायरमध्ये वेकफिल्डला आले, तर बैठकीच्या खोलीत भिंतीला गॅस फायर. जुन्या चिमणीचं तोंड पत्र्यानं बुजवून त्यापुढं बसवलेली. आत चिनी मातीच्या जाळीदार पट्ट्या. खालच्या ज्योतींनी त्या तापून लाल होत. कोळशाच्या जागी गॅस घरोघरी आला, त्यामागं एक गोष्ट आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं पाच दिवस साचून राहिलं आणि हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, गावोगावी धूरबंदीचे भाग ठरले, घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्या बंद होत गेल्या. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या काळात देशभरातल्या घरांमधली गॅसची उपकरणं त्या वायूसाठी बदलून दिली गेली. आमच्या शेजारचे आजोबा कोळशाच्या खाणीत काम केलेले. खाणकामगारांना घरासाठी कोळसा मिळे, त्यामुळं त्यांच्याकडं कोळसा बरीच वर्षं टिकला. रोज राख काढायची, दोरीवरच्या धुण्यावर काजळी बसली की पुन्हा धुवायचं, हे सगळं त्यांच्या बायकोच्या वाट्याला. त्यांच्याकडं गॅस आला तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते मला कुणी सांगायला नको.

आमची गॅस फायर म्हातारी झाली. निळी ज्योत पिवळी पडून लोळू लागली, पट्ट्यांवर काजळी धरली. गॅस अर्धवट जळत असल्याची ही खूण, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा धोका. तपासायला आलेल्या तंत्रज्ञानं ती तिथल्या तिथं बंद केली. सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवऱ्याला आणि मुलीला तिच्या जागी लाकडाची शेगडी हवी होती. मी बरेच दिवस नाही म्हणत राहिले. धुरातून सुटून आलेली माणसं आम्ही. पुन्हा लाकूड कशाला?

पत्रा काढल्यावर आत विटांचे तुकडे, काजळी आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या काटक्या निघाल्या. कारागिरानं छपरावरून चिमणीत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडली आणि मला समजावलं: नळीतली हवा तापली की वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, त्या ओढीवर जाळ चालतो. म्हणजे आमचा बंबच की! त्या घटकेला माझा विरोध सैल पडला. आता तिथं काचेच्या दाराची बिडाची शेगडी आहे, खाली पाटीच्या दगडाची फरशी, आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, गॅस काढून लाकूड? आणि धूर कुठं जातो?"

"वर जातो गं, चिमणीतून."

"वर म्हणजे कुणाकडं?"

यापेक्षा नेमका प्रश्न मला त्या शेगडीबद्दल कुणी विचारलेला नाही. ब्रिटनच्या हवेतल्या सूक्ष्म कणांमध्ये घरोघरी जळणाऱ्या लाकडाचा वाटा मोठा आहे. १ जानेवारी २०२२ पासून नव्या शेगड्यांना धुराचे कडक निकष आले. आमच्या शेगडीत वरून तापलेली हवा सोडून धुरातला जळण्याजोगा वायूही जाळला जातो. तरी लाकूड ओलं असेल तर चांगली शेगडीही धुरकटते. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि आधी ते पाणी उकळण्यात जाळाची ताकद जाते. इंग्लंडमध्ये २०२१ च्या मेपासून थोड्या प्रमाणात विकलं जाणारं सरपण वीस टक्क्यांहून अधिक ओलं नसावं असा नियम आहे. मी ओंडका फोडून आतल्या बाजूला ओलावामापकाची टोकं खुपसून पाहते. इथं ॲश नावाच्या झाडाचं लाकूड भरपूर मिळतं; २०१२ साली ब्रिटनमध्ये आढळलेल्या बुरशीच्या रोगानं ही झाडं मरताहेत, तोडावी लागताहेत. ते लवकर वाळतं. ओकला मात्र दोन वर्षं लागतात. परसात सरपण रचताना मी ढलपे जमिनीला टेकू देत नाही, फटीतून वारा खेळता ठेवते. आईची पद्धत, फक्त वैशाख नाही.

मला या शेगडीचा मनापासून आनंद होतो. पण आमच्या घरात रेडिएटर आहेत, तिच्यावाचून कुणी गारठणार नाही, हेही खरं. आईला चूल पेटवावीच लागे, आणि धूर तिच्या स्वतःच्या छातीत जाई. मी हौसेनं पेटवते, तेव्हा धूर दुसऱ्याच्या छातीत जाऊ न देणं हे माझं काम आहे. शेजारच्या आजोबांना दम लागतो. वारा पडलेला असला, हवा दाटून बसली असली, की आमच्याकडं लाकूड पेटत नाही.

तुम्ही अशी शेगडी बसवणार असाल तर बसवा. पण त्याआधी सरपण वाळवायला कोरडी जागा करा, चिमणी दर वर्षी साफ करून घ्या, रात्री हवा कोंडून लाकूड धुमसत ठेवू नका. आणि भिंतीपलीकडं कोण राहतं, त्यांची छाती कशी आहे, हे एकदा जाऊन विचारून या.