झोपलात की लेव्हल वाढते

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने कोपऱ्यातल्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. अशा बोलावण्याचे दोनच अर्थ असतात आणि सुदैवाने हा दुसरा होता. एक पायरी वरची पोस्ट, पगारात बऱ्यापैकी वाढ, हाताखाली अजून एक टीम. ती टीम अमेरिकेच्या वेळेवर चालते, म्हणजे आठवड्यातल्या तीन-चार रात्री कॉलमध्ये जाणार. "सोमवारी सांग, पण तुझं हो आहे असं मी धरून चालतोय," तो म्हणाला. मीही तसंच धरून चाललो होतो.

शनिवारी बायको आणि लेक आईकडे (तिच्या) गेल्या. घर रिकामं, बाहेर पाऊस. आता शहाण्या माणसाने अशा वेळी शांत बसून विचार केला असता. मी 'ऑब्लिव्हियन' सुरू केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : 'द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन' हा बेथेस्डाचा २००६ सालचा गेम. तुम्ही एक कैदी. तुरुंगाच्या गुप्त वाटेने सम्राट पळून जात असतो (आवाज पॅट्रिक स्ट्युअर्टचा!), तो मारला जातो, मरायच्या आधी राजघराण्याचा ताईत तुमच्या हातात देतो आणि तुम्ही गटारातून बाहेर पडता. समोर तळं, पलीकडे पांढरे पडके अवशेष, मागे राजधानीचा उंच मनोरा, आणि आकाश. बस्स. आता जा कुठेही. ताईत एका मठात पोचवायचा असतो, पण वर्षभर नाही पोचवला तरी कोणी विचारत नाही.

तो क्षण मी पहिल्यांदा अनुभवला २००७ मध्ये, कारवेनगरच्या एका फ्लॅटमध्ये. आम्ही चार जण, तीन गाद्या, हिंजवडीची कंपनीची बस सकाळी सव्वासातला. अर्ध्या पगाराचं ग्राफिक्स कार्ड घेऊन पीसीत बसवलेलं. सोबत आमचा रूममेट सांगलीकर. त्याचं खरं नाव घरमालकालाही माहीत नव्हतं, तेव्हा इथेही सांगलीकरच.

तर या गेममध्ये लेव्हल कशी वाढते ते जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एकूण २१ कौशल्यं. त्यातली ७ तुम्ही 'मेजर' म्हणून निवडायची. जे वापराल ते वाढतं. उड्या मारल्या की उड्या मारायचं कौशल्य वाढतं, मार खाल्ला की चिलखत वापरायचं. मेजर कौशल्यं मिळून १० वेळा वाढली की पुढच्या लेव्हलला तुम्ही पात्र. पण लेव्हल लगेच वाढत नाही. त्यासाठी बेड शोधून झोपावं लागतं. उठलात की लेव्हल वाढते आणि ताकद, चपळाई वगैरे तीन गुणांना बोनस मिळतो. आता गंमत पाहा. त्या त्या गुणाखालची कौशल्यं दरम्यान १० वेळा वाढलेली असतील तर बोनस +५, कमी वाढली असतील तर +२ किंवा +३.

हे कळल्यावर सॉफ्टवेअरमधला माणूस काय करेल? बरोबर. एक्सेल.

मी शीट बनवली. उभ्या रकान्यांत गुण, आडव्या ओळींत लेव्हल, +५ झालं की सेल हिरवा. शीटनुसार खेळायचं म्हणजे काय? तर सरायीत कोणी झोपलेलं असताना त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला नाक लावून, लपतछपत चालत राहायचं. ऑटो-रन लावून आपण जेवायला जायचं. आमटीभात संपेपर्यंत चोरपावलांचं कौशल्य तीन पॉइंट वर. ज्या कौशल्यांत तुम्हाला खरंच तरबेज व्हायचंय ती मेजरमध्ये घ्यायचीच नाहीत, असाही एक प्रगत सिद्धांत होता. मी तोही पाळला.

सांगलीकर मागून चहाचा कप घेऊन बघायचा. "खेळाय लागलायस का ऑडिट कराय लागलायस, मर्दा?"

आणि मग साधारण विसाव्या लेव्हलच्या आसपास मला ते कळलं, जे ऑब्लिव्हियन खेळलेल्या प्रत्येकाला कधीतरी कळतं. तुमच्याबरोबर जगही वाढतं. सुरुवातीला रानात लांडगे भेटायचे, आता तिथेच अस्वलं. गुहेतले गॉब्लिन जाऊन त्यांचे सरदार आलेले, जे पन्नास वार खाऊनही उभे. आणि रस्त्यावरचा तो लुटारू! पूर्वी फाटक्या चामड्यात यायचा. आता तो 'काचेच्या' चिलखतात येतो. हे त्या जगातलं हिरवंगार, अतिमहाग चिलखत. आणि असा सजलेला माणूस आडवा येऊन मागतो काय, तर १०० नाणी. अरे बाबा, एक हातमोजा विक आणि घरी जा ना!

त्या रात्री मी हसलो, पण नंतर जरा खट्टू झालो. शंभर-सव्वाशे तास, हिरव्या सेलनी भरलेली शीट, आणि पहिल्या दिवशी लांडग्याशी जेवढी दमछाक व्हायची तेवढीच आजही.

सांगलीकर मात्र झोपायचाच नाही. म्हणजे गेममध्ये. (बाहेर तो कुठेही झोपायचा, बसमध्ये उभ्याने सुद्धा.) स्क्रीनवर सतत खूण यायची की तुम्ही लेव्हलला पात्र आहात, विश्रांती घ्या. तो दुर्लक्ष करायचा. त्याच्यासाठी लांडगे लांडगेच राहिले. तो निवांत फुलं तोडत, कोणाच्याही घरात डोकावत फिरायचा. मी नकाशावर क्लिक करून एका शहरातून दुसऱ्या शहरात उडी मारायचो. हा चालायचा.

आता यातून 'साधेपणात सुख' असा सुविचार काढायचा मोह होतो. थांबा, तो इतका सरळ नाहीये.

कारण ज्यांनी हे डिझाइन केलं ते काही मूर्ख नव्हते. ऑब्लिव्हियनमध्ये गटारातून निघाल्या निघाल्या तुम्ही कुठल्याही दिशेला जाऊ शकता. जग जर तुमच्या मापाने बदललं नाही, तर चुकीच्या गुहेत शिरलात की दोन सेकंदांत खेळ खलास, आणि उशिरा गेलात तर सगळं फुंकर मारल्यासारखं सोपं. आधीच्या २००२ च्या 'मोरोविंड'मध्ये बऱ्याच गोष्टी जागच्या जागी पक्क्या होत्या आणि शेवटी शेवटी आपण तिथे इतके बलाढ्य व्हायचो की कंटाळा यायचा. म्हणजे जगाने आपल्याबरोबर वाढावं ही मागणी तशी आपलीच. आव्हान हवं, असं आपणच इंटरव्ह्यूमध्ये सांगतो की.

आणि ते मिळालंही. पहिली इन्क्रिमेंट आली तेव्हा बस सोडून बाईक घेतली. मग बाईक जाऊन कार, भाड्याचा फ्लॅट जाऊन स्वतःचा, पुढे त्याहून एक खोली जास्त असलेला. दर एप्रिलला पगार वाढला आणि दर एप्रिलला महिनाअखेरीची तारीख होती तिथेच राहिली. पूर्वी बग आला की मी घाबरायचो, आता क्लायंटचा व्हाईस प्रेसिडेंट कॉलवर आला की घाबरतो. लुटारू तोच, फक्त आता सूट घालून येतो. एकदा रात्री साडेबाराच्या कॉलनंतर मी फ्रिजमधलं काहीतरी उभ्यानेच खात होतो, तेव्हा बायको झोपेतून उठून पाणी प्यायला आली. म्हणाली, "तू दर वर्षी वर जातोस ना? मग आता काय सोपं झालं, ते सांग बरं एक." भांडणाचा सूर नव्हता. खरंच विचारत होती. मला उत्तर सुचलं नाही, त्याला आता दीड वर्ष झालं.

तर परवाचा शनिवार. हा नवा ऑब्लिव्हियन म्हणजे २२ एप्रिल २०२५ ला, आधी कुठलीही तारीख जाहीर न करता, आलेला रीमास्टर. अनरियल इंजिन ५ वर सगळं नव्याने रंगवलेलं, लोकांचे चेहरे आता माणसांसारखे दिसतात (जुने उकडलेल्या बटाट्यासारखे होते). आणि एक महत्त्वाचा बदल : बोनसची ती भानगड काढून टाकली. आता प्रत्येक लेव्हलला सरळ १२ पॉइंट मिळतात, वाटा हवे तसे. एक्सेलची गरज संपली! झोपावं मात्र अजूनही लागतं. आणि जगही तुमच्याबरोबर वाढतंच.

मी ठरवलं की या वेळी नकाशावर क्लिक करायचं नाही. गटारातून निघालो, तळ्याला वळसा घातला आणि पुलापलीकडे वेय नावाचं एक चिमुकलं गाव लागलं. गाव कसलं, दोन-तीन घरं. २००७ मध्ये मी त्याच्यावरून किती वेळा उडालो असेन, देव जाणे. तिथे एक म्हातारा कोळी राहतो. तळ्यातल्या चावऱ्या माशांनी त्याला जायबंदी केलंय. त्या माशांचे १२ खवले मिळाले की तो धंदा बंद करून निवृत्त होणार. बाराच. तेरावा त्याला नकोय.

दुपारभर मी पाण्यात ते मासे मारत होतो. आणि डोक्यात एकच किडा : या म्हाताऱ्याला आकडा माहितीये. माझा आकडा किती? मी कधी काढलाच नाही. एवढ्या शीट बनवल्या आयुष्यात, पण प्रत्येकीत फक्त पुढची ओळ होती, शेवटची ओळ एकीतही नव्हती.

संध्याकाळी सांगलीकरला फोन केला. तो २०११ मध्येच नोकरी सोडून गावी गेला, घरचं हार्डवेअरचं दुकान चालवतो. हार्डवेअर म्हणजे नळ आणि बिजागऱ्या. म्हटलं, लेका, तूच हुशार निघालास, झोपलाच नाहीस. तो खदाखदा हसला. "मर्दा, माझ्याबी गुहेत गॉब्लिन वाढल्यातच की. जीएसटी हाय, उधारी हाय, समोर मॉल झालाय. फक्त रात्री नऊला शटर ओढतो एवढंच बघ."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मुद्दा तोच होता. गॉब्लिन वाढायचे ते वाढणारच. प्रश्न शटरचा आहे.

मग मी एक शीट बनवलीच (सवय!). पण या वेळी एकच रकाना. माझ्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टी माझ्याबरोबर लेव्हल वाढवत नाहीत? सिंहगड. तो २००७ मध्ये जेवढा उंच होता तेवढाच आहे, मला धाप लागते हा माझा हिशेब. वडिलांचा रविवारचा फोन. तो अजूनही चार मिनिटांचाच आणि पाऊसपाण्याचाच. आणि लेकीची झोपायच्या आधीची गोष्ट. तिला गोष्ट कुठल्याही पदावरच्या बाबाकडून चालते, फक्त साडेनऊला लागते. ही शेवटची ओळ मात्र कायमची नाही. ती आता सात वर्षांची आहे. अजून तीन-चार वर्षांनी ती स्वतःच वाचेल, आणि कॉल तेव्हाही साडेनऊलाच असतील.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं की या वर्षी नको. तो दोन सेकंद गप्प बसला, मग म्हणाला की पुढच्या वर्षी ही जागा असेलच असं नाही. मला माहितीये. पोटात गोळा आला होता आणि अजूनही तो पूर्ण गेलेला नाही. घराचे हप्ते चालू आहेत, ती पोस्ट माझ्या शेजारी बसणाऱ्याला मिळणार आहे आणि पुढच्या एप्रिलमध्ये मला त्याचा हेवा वाटणार, हेही आत्ताच दिसतंय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं." आणि पोळ्या लाटत राहिली. पण रात्री गोष्ट चालू असताना दाराशी येऊन उभी होती.

गेम अजून चालू आहे. खवले देऊन झाले. म्हाताऱ्याने एक अंगठी दिली. मी काळ्या रस्त्याने चालत मठाकडे निघालोय, ताईत अजून खिशात. स्क्रीनच्या कोपऱ्यात ती खूण कधीची दिसतेय की तुम्ही पात्र आहात, बेड शोधा.

झोपेन हो. एवढी काय घाई आहे. रस्ता छान आहे आणि सध्या फक्त लांडगे आहेत.