उत्तर मुकुटाशेजारची रिकामी जागा

2024च्या उन्हाळ्यात रोहिणखेडला गच्चीवर अंथरूण टाकलं, की मी आधी उत्तर मुकुट शोधायचो. स्वातीच्या पूर्वेला ताऱ्यांची छोटीशी कमान. तिच्या लगतचा 'टी कोरोने बोरिअ‍ॅलिस' 1866 आणि 1946 साली एकाएकी उजळला होता. तो पुन्हा उजळण्याची शक्यता त्या वर्षी वर्तवली होती. एरवी त्याची प्रत दहाच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही.

शेजारचे आबा विचारायचे, "सर, फुटला का तुमचा तारा?" एकदा म्हणाले, "पण फुटते तर मंग मरत कसा नाही तो?"

प्रश्न नेमका होता. मी सांगितलं, आबा, ते दोन तारे आहेत. जोडीतला वजनदार तारा इंधन लवकर संपवतो, फुगतो, बाहेरचे थर सोडून देतो. उरतो तो श्वेत बटू; आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्यासारखं. काही जोड्यांत त्या फुगवट्यात दोघेही सापडतात आणि इतके जवळ येतात, की काही तासांत एकमेकांभोवती फेरी मारतात. इथं फेरीला सुमारे 227 दिवस लागतात. आता दुसराही फुगून तांबडा झालाय आणि बटू त्याचा वायू ओढतोय.

"वरच्या वावरातलं पाणी बांधावरून खालच्या वावरात उतरते तसं," आबा म्हणाले.

तो वायू आधी चकतीसारखा बटूभोवती फिरतो, तापतो, मग त्याच्यावर साचतो. थर पुरेसा दाबला गेला की त्यातल्या हायड्रोजनचं अणुसंमीलन भडकतं. थर उडतो, बटू शाबूत राहतो. पुन्हा साठवण सुरू. पण साठवण उडण्यापेक्षा जास्त होत गेली आणि बटू चंद्रशेखर मर्यादेजवळ, सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाला पोचला, तर अख्खा तारा फुटू शकतो.

"म्हणजे मरतेच कधीतरी," आबांनी निकाल दिला.

भुजंगधारी तारकासमूहातली अशीच जोडी, आर एस ओफियुकी, फेब्रुवारी 2006मध्ये उजळली, तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनं तिच्या रेडिओलहरी टिपल्या होत्या.

2024मध्ये आमचा तारा काही उजळला नाही. उजळेल तेव्हा नुसत्या डोळ्यांना जेमतेम आठवडाभर दिसेल. म्हणून मे-जूनच्या रात्री उत्तर मुकुटाची कमान आधीच ओळखीची करून ठेवा. तरच जास्तीचा तारा लक्षात येईल.