जंगल फक्त ५० इंच!

तुमची गाडी किती रुंद आहे? मायलेज विचारलं तर तुम्ही झोपेतही सांगाल. ईएमआय तर तोंडपाठच असतो. पण रुंदी? ती आपल्याला आठवते फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारच्याने नवी एसयूव्ही आणली की! अमेरिकेत मात्र जंगलात शिरायचं की बाहेरच थांबायचं, हे काही ठिकाणी या एका आकड्यावर ठरतं. आणि तो आकडा आमच्या काकांना चांगलाच नडला.

माझा मावसभाऊ सॉल्ट लेक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी तिकडे गेले, तेव्हा काका-मावशीही नाशिकहून आलेले होते. वीकेण्डचा प्लॅन ठरला, फिशलेक नॅशनल फॉरेस्ट. शहरापासून दक्षिणेला अडीच-तीन तास. सप्टेंबरअखेर तिथली अ‍ॅस्पेनची झाडं सोनेरी होतात आणि डोंगरातून ऑफ-रोड गाड्यांसाठी आखलेल्या वाटा आहेत. काका एकदम खूश. तरुणपणी त्यांनी येझदीवर अर्धा महाराष्ट्र पालथा घातलाय. आता मात्र दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत.

तिथे भाड्याने मिळणाऱ्या गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक एटीव्ही, म्हणजे चार चाकांची मोटरसायकलच म्हणा ना. टांग टाकून बसायचं, हँडल धरायचं. दुसरी साइड-बाय-साइड. यात शेजारी शेजारी सीट, पट्टा, स्टिअरिंग आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा. टांग टाकणं काकांना शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही दुसरी घेतली. दुकानदाराने किल्ली देतानाच नकाशा उलगडला आणि काही रेघांवर बोट ठेवलं. इथे जायचं नाही, तुमची गाडी ६४ इंचांची आहे, ही वाट ५० इंचांची!

नेमकी तीच वाट वर कड्याकडे जात होती. आम्ही तिच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. दोन लोखंडी खांब, मध्ये जेमतेम गाडी जाईल एवढी फट. ५० इंच म्हणजे १२७ सेंटिमीटर. आपली साधी ऑटोरिक्षा साधारण १३० सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे रिक्षासुद्धा अडकली असती!

काका खांबांकडे बघत म्हणाले, ‘‘अगं, धडधाकट माणसाने जायचं आणि माझ्यासारख्याने खाली थांबायचं, हा कुठला न्याय?’’

प्रश्न बिनतोड होता. मग काय, माझ्यातली पत्रकार जागी झाली.

सरकारी जमिनीवरच्या ऑफ-रोड गाड्यांना शिस्त लावायची सुरुवात १९७२ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की जमीन, वन्यजीव आणि जंगलात येणारे बाकीचे लोक यांचा विचार करूनच या गाड्यांना वाटा द्यायच्या. २००५ मध्ये वनखात्याने, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसने, पुढचं पाऊल टाकलं. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वाटेवर, कुठल्या प्रकारची गाडी आणि वर्षाच्या कुठल्या काळात चालेल, हे प्रत्येक नॅशनल फॉरेस्टने ठरवायचं. त्याचा नकाशा छापून लोकांना फुकट द्यायचा. नकाशात नाही, तिथे गाडी नाही. सिंपल!

५० इंच हा आकडा त्याआधीपासूनचा. तेव्हाच्या एटीव्ही त्यात आरामात मावायच्या. मग बाजाराने गंमत केली. २००७ मध्ये पोलारिस कंपनीने आरझेडआर नावाची साइड-बाय-साइड आणली, बरोब्बर ५० इंचांची! नियमाच्या मापाने शिवलेला कोटच जणू. पण पुढची मॉडेल्स अंग धरू लागली. ६४ इंच, मग ७२. जवळपास आपल्या थारएवढी रुंद. रुंद गाडी वळणावर स्थिर राहते, जास्त वेगात पळते, त्यामुळे खपतेही. मग ती घेणारे म्हणणार, आता वाटा रुंद करा. काही जंगलांनी काही वाटा केल्याही. नियमात तशी मुभा आहे.

तुम्ही म्हणाल, चौदा इंचांनी असं काय बिघडतं? सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे पटकन कळेल. उतारावरची वाट म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेली फळी. ती रुंद करायची तर वरच्या बाजूने डोंगर आणखी कापावा लागतो. झाडांची मुळं उघडी पडतात, पावसाला वाहून न्यायला जास्त माती मिळते. न कापता रुंद गाडी घातली, तर एक चाक वाटेबाहेर गवतात. शंभर गाड्या गेल्या की तिथे नवी वाट तयार! शिवाय वाट रुंद झाली की वेग वाढतो. मग त्याच वाटेवरचा घोडेस्वार किंवा पायी चालणारा हळूहळू यायचाच बंद होतो.

आणि काकांचा न्याय? त्याबद्दलही नियम आहे. घरात वापरता येईल अशी व्हीलचेअर, मग ती बॅटरीवरची का असेना, पायी जाता येतं तिथे सगळीकडे चालते. साइड-बाय-साइड मात्र चालवणाऱ्याचे गुडघे कसेही असोत, मोटारच धरली जाते. हे ऐकून काका हसले. ‘‘म्हणजे त्या दगडांवरून व्हीलचेअर नेली तर मला कोणी अडवणार नाही!’’ त्या हसण्यात कडवटपणा होता, आणि तो मला खोडता आला नाही.

तरी खरं सांगू? मी त्या खांबांच्या बाजूने आहे. गाडीचं मॉडेल दर वर्षी बदलतं. कापलेला डोंगर पुन्हा भरत नाही. आज ६४ साठी वाट रुंद केली, तर उद्या ७२ वाला दारात उभा राहणार. काकांना वर न्यायचं तर उत्तर गाडीत शोधायला हवं. ५० इंचांची साइड-बाय-साइड बनू शकते, हे कंपनीने कधीच दाखवून दिलंय. आम्हाला ती त्या वीकेण्डला कुठे मिळाली नाही, एवढंच.

काका वर गेले नाहीत. आम्ही डांबरी रस्त्याने पांडो बघायला गेलो. हजारो खोडं, पण मुळं एकच, त्यामुळे शास्त्रज्ञ त्याला एकच झाड मानतात. १०६ एकरांवर पसरलेलं! काका गाडीतून उतरून बराच वेळ तिथे उभे होते. कड्याचा विषय त्यांनी काढला नाही.

परवा मावसभावाचा फोन आला. काकांनी येत्या सप्टेंबरसाठी आत्तापासून दुकानांना फोन करायला लावलेत म्हणे. रंग, कंपनी काहीही चालेल. फक्त ५० इंची हवी.