आजीचा 'कट्ट'

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे नाताळ म्हटलं की मला टॉफ्याच आठवतात. ह्या सुट्टीत होस्टेलच्या मैत्रिणींसाठी गिफ्ट म्हणून घरचीच 'टॉफी' करायचं ठरवलं, म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की! कसारा लोकल पकडून खडवलीला घरी आले आणि आजीला कामाला लावलं.

कृती सोप्पी. वाटीभर भाजून सोललेले दाणे, पाऊण वाटी चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप. गूळ वितळला, फेसाळला. थेंब पाण्यात टाकला, मऊ गोळी झाली. वाटी आजीपुढे धरून विचारलं, "झाला ना पाक?"

"झाला असेल गं."

चिक्की अशी चिकटली की आजोबांची कवळीच बाहेर! सगळे हसले, आजी सोडून. मग हळूच म्हणाली, "मला थेंब दिसलाच नाही." मोतीबिंदू वाढलाय, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या घाण्याला म्हणाली, "थेंब गार झाला की मोड, मला ऐकू दे." कट्ट वाजलं. "उतरव!" दाणे घातले, तूप लावलेल्या पोळपाटावर लाटून गरम असतानाच वड्या कापल्या. पाणी उडत गेलं की पाकाचा उकळबिंदू चढतो आणि १५० अंशांच्या आसपास पोचलेला पाक गार होताना काचेसारखा होतो, हे मी पुस्तकात शिकले. आजीने नुसत्या कानाने ओळखलं!

चिक्की आणलीये, रूमवर या. आणि हो, आजीच्या ऑपरेशनची तारीख घेऊनच परत आलेय.