चारातला एक गुंठा

आमच्या जिल्ह्यातल्या काही रेल्वे स्टेशनांची नावे पाहा. सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड. मुले शाळेत विचारतात, स्टेशनच्या नावात 'रोड' कशाला? आम्ही सांगतो, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे, एवढेच रेल्वे सांगते. सावंतवाडीचे स्टेशन सावंतवाडीत नाही, मळगावात आहे. पुढचे तुमचे तुम्ही बघा.

मालवणला तर तेवढेही नशीब नाही. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ज्या रेल्वेसाठी दिल्लीत वर्षानुवर्षे आवाज उठवला, ती २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. पण रूळ गेले किनाऱ्यापासून आत. मालवणच्या माणसाला गाडी पकडायची तर कसालवरून ओरोसचे सिंधुदुर्ग स्टेशन गाठायचे, नाहीतर नेरूरपारवरून कुडाळ. आमच्या घरातले जुने लोक बोटीने मुंबईला जायचे, नंतर रात्रभर एसटीने. म्हणून रेल्वे आली तेव्हा अब्बा म्हणाले होते, आता मुंबई उंबऱ्यावर आली. उंबऱ्यावर नाही आली. आमचे गाव मालवण-कसाल रस्त्याच्या आत आहे. सड्यावरून पायवाटेने गेले तर स्टेशन तीन किलोमीटर, डांबरी रस्त्याने वळसा घालून नऊ. पावसात व्हाळ भरला की पायवाट बंद. मग रिक्षा. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, कलेक्टर ऑफिस आहे. कुडाळच्या कॉलेजला जाणारी पोरे आहेत. पॅसेंजरच्या तिकिटापेक्षा रिक्षाचे भाडे जास्त, हे गावात सगळेच सोसत होते.

शेवटी ग्रामसभेत पायवाटेचा रस्ता करायचे ठरले. कुठून न्यायचा यावर मात्र दोन सभा गेल्या. वरच्या बाजूने नेला तर काजूच्या बागा जातात, बागवाले तयार नव्हते. खालच्या बाजूने नेला तर आमचा मळा लागतो. चार गुंठ्यांचा प्रश्न होता. तिसऱ्या सभेत आमचे मोठे चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या मरहूम वालिदांच्या नावाने आम्ही तिघे भाऊ ही जमीन गावाला देतो. सदका-ए-जारिया होईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी चाचांचा हात हातात घेतला. जुम्म्याला मशिदीतही लोकांनी चाचांना मुबारकबाद दिली. आम्हालाही अभिमान वाटला. खोटे का सांगावे?

मग कागद आले. मराठी-उर्दू दोन्ही येते आणि बी.एड. झालेले, म्हणून घरातले कागद वाचायचे काम आमच्याकडे असते. संमतीपत्राला सातबारा जोडायचा होता. सातबाऱ्यावर अब्बा आणि दोन्ही चाचा, अशी तीन नावे. आजोबांच्या वारसांची यादी लिहायला बसलो आणि तिसऱ्या नावावर पेन थांबले. आजोबांची मुले पाच होती. दोन मुलींची नावे कुठे गेली?

कोणी खोडली नव्हती. आजोबा गेल्यावर फेरफार करताना ती लिहिलीच नव्हती. आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवतो, म्हणून हिशेब तिथेच करून टाकला. दादी आजोबांच्या आधीच गेल्या होत्या. सूरह निसाने मुलाला दोन वाटे, मुलीला एक वाटा ठरवून दिला आहे. तीन भावांचे सहा, दोन बहिणींचे दोन, एकूण आठ. म्हणजे पाव जमीन फुफींची. चार गुंठ्यांतला एक गुंठा आमचा नव्हताच, आणि तो आम्ही टाळ्या घेऊन देऊन टाकला होता. दुसऱ्याच्या मालाचा सदका होतो का?

चाचांसमोर कागद ठेवला. ते म्हणाले, "बहिणींनी कधी मागितलं का? त्यांची लग्नं आम्ही केली, बाळंतपणं केली." हे खरे होते. पण लग्नात घातलेले दागिने म्हणजे वाटा नव्हे, आणि न मागितलेला हक्क म्हणजे सोडलेला हक्क नव्हे. बहीण मागत नाही, कारण मागितले तर माहेरची वाट बंद होईल अशी तिला भीती असते. शेजारच्या काकींना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्यात २००५ साली कायद्यानं मुलींना सारखा वाटा दिला, पण सही सोडून द्यायला अजून आमच्याच पोरी पुढं असतात." म्हणजे दुखणे एका घरचे नाही.

अब्बांनी स्वतः मुंब्र्याला मोठ्या फुफींना फोन लावला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाईजान, रस्त्याला मी नको म्हणेन का? दिवा-सावंतवाडी गाडी लेट झाली की ओरोसला उतरेपर्यंत मगरीब होऊन जाते. बॅगा घेऊन त्या वळशात माझंच कंबरडं मोडतं. द्या जमीन. पण माझा हिस्सा मी दिला असं लिहा. तुम्ही दिला असं नको." बांद्याच्या फुफी रडल्या. त्यांनी एवढेच विचारले, "बाकीच्या मळ्याचं काय?"

या प्रश्नाने घरात दोन महिने अबोला राहिला. मोठे चाचा आमच्या दारावरून जायचे, सलाम घ्यायचे, पण आत येत नसत. अब्बांनी तलाठ्याकडे बहिणींची नावे लावण्याचा अर्ज दिला. पहिली सही त्यांची, दुसरी धाकट्या चाचांची. तिसरी जागा रिकामी होती. रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला मोठे चाचा आले, चष्मा लावून पूर्ण अर्ज वाचला आणि सही केली. म्हणाले, "वालिदांना जाब मला द्यायचा होता, तुम्हाला नव्हे." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. शीरखुर्मा मात्र त्या ईदला एकाच पातेल्यात झाला.

पुढच्या ग्रामसभेत ठराव नव्याने लिहिला गेला. जमीन देणाऱ्यांत पाच नावे आली. टाळ्या या वेळी कमी वाजल्या, लोकांना वाटले हा घरगुती कागदाचा घोळ. मळ्यात चिरे रोवून रस्त्याची हद्द आखली आहे. डांबर कधी पडेल ते पडेल. घराचा आणि आंब्याच्या कलमांचा हिशेब अजून बाकी आहे, तो सोपा नाही, हेही कबूल करतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही कुठली तरी जमीन रस्त्याला, मदरशाला, कब्रस्तानला द्यायचे चालले असेल. नेक काम आहे, जरूर द्या. देण्याआधी एकदा सातबारा काढून नावे मोजा, आणि आजोबांची मुले किती होती तेही मोजा. दोन आकडे जुळले नाहीत, तर आधी फोन फुफीला लावा.

अल्लाह आपल्या देण्याला हलाल मालाची बरकत देवो. आमीन.